लिफ्टवाल्याची पन्नास मिनिटं

बुधवारी दुपारी तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी बाई समोरची खुर्ची चार बोटं मागे सरकवत होत्या. तीन वाजता येणारी शाळेतली लेखनिक ती खुर्ची पुढे ओढून बाईंच्या गुडघ्याला गुडघा लावून बसते. चार वाजता येणारा लिफ्टवाला असा बसतो, की मधून एखादी लोखंडी खाट आडवी नेता यावी. म्हणून दर बुधवारी खुर्ची मागे जाते, टिश्यूचा डबा टेबलावरून खिडकीत जातो आणि दार वीतभर उघडं राहतं. डबा नुसता दिसला तरी लिफ्टवाल्याला आपल्यावर कोणीतरी पैज लावल्यासारखं वाटतं. आणि दार उघडं असलं, की आत बसलेल्याला बाहेर पडायची वाट दिसत राहते.

गेले दोन बुधवार ही सगळी मांडामांड करून झाल्यावर खुर्चीत कोणीही बसलं नव्हतं. आज तिसरा.

तिसऱ्या बुधवारी जरा धाकधूक होती. समुपदेशन केंद्र चालवणाऱ्या ट्रस्टचा नियम असा, की न कळवता सलग तीन भेटी चुकवल्या तर ती वेळ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायची. यादीत एकेचाळीस नावं होती आणि सगळ्यात वरची निवृत्त शिक्षिका पाच महिने वाट बघत होती. नियमात काही खोट नव्हती. तो ट्रस्टच्या बैठकीत बाईंनीच मांडला होता, टेबलावर हात आपटून. आता चार पन्नासपर्यंत लिफ्टवाला आला नाही, तर तोच नियम त्याला लागू होणार होता. आणि त्याच्या न येण्याला कारण दुसरं तिसरं कोणी नसून बाईच होत्या.

बाईंचं वय एकावन्न. आधीची बारा वर्षं त्या विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायच्या. अपघात किती वाजता झाला, कुठे झाला, साक्षीदार कोण, असे बावीस प्रश्न छापलेले असत. माणसं पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं देत आणि चौथ्यापासून भलतंच काही सांगू लागत. कोणी म्हणे त्या दिवशी मी डबा विसरलो होतो, कोणी म्हणे तिच्याशी सकाळी भांडण झालं होतं. त्यासाठी फॉर्मवर रकाना नव्हता. बाई ते पेन्सिलीने समासात लिहून ठेवत, साहेब खोडरबरने पुसत. अशी बारा वर्षं गेल्यावर बाईंनी अडतिसाव्या वर्षी समुपदेशनाचा अभ्यासक्रम धरला. वर्गात त्या सगळ्यांत मोठ्या होत्या आणि शिकवायला येणारा प्राध्यापक त्यांच्या धाकट्या भावाच्या वयाचा होता. तो रडण्याचं महत्त्व सांगायचा तेव्हा त्याचा स्वतःचा आवाज कापायचा आणि बाईंना त्याला पाणी द्यावंसं वाटायचं.

केंद्र म्हणजे रंगाच्या दुकानावरच्या पहिल्या मजल्यावरची दीड खोली. आधी तिथे शिंपी होता. त्याचा आरसा काढून नेला तरी भिंतीवर त्याचा पांढरा चौकोन राहिला, आणि लोक अजूनही आत आल्याबरोबर तिकडे वळून केस सारखे करतात. खालून थिनरचा वास येतो. समोरच्या दारात दातांचा डॉक्टर आहे, त्याचं यंत्र सुरू झालं की बाईंकडचं बोलणं थांबतं. तिथले लोक आधी रडतात आणि मग त्यांना बरं वाटतं, इथले आधी बरं आहे म्हणतात आणि मग रडतात, एवढाच काय तो फरक, असं डॉक्टर म्हणतो. ट्रस्टने भिंतीवर लावलेलं सूर्योदयाचं चित्र बाईंनी पहिल्याच आठवड्यात काढून कपाटामागे उभं केलं. आयुष्य सुंदर आहे, असं त्यावर सोनेरी अक्षरात लिहिलं होतं. इथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो टोमणाच वाटला असता.

गल्लीत बाईंना ‘पन्नास मिनिटं’ म्हणतात. रंगवाला गिऱ्हाइकाला सांगतो, “वर पन्नास मिनिटं बसतात ना, त्यांच्या खिडकीखालीच आहे आपलं दुकान.” भेट पन्नास मिनिटांची. एकावन्नाव्या मिनिटाला समोरचा माणूस वडिलांच्या मृत्यूच्या मध्यावर असला तरी बाई म्हणतात, “इथे थांबू. पुढच्या आठवड्यात इथूनच.” सुरुवातीला लोकांना राग येतो. एका गृहस्थाने तर सरळ विचारलं होतं, की तुम्हाला काळीज आहे की मीटर?

बाईंचं उत्तर मीटरच्याच बाजूने होतं. त्या ज्या पद्धतीने काम करतात तिला अटॅचमेंट थिअरी म्हणतात. विद्वानांनी एका खोलीत आया आणि लेकरं बसवली. आईला उठून बाहेर जायला सांगितलं, थोड्या वेळाने परत बोलावलं, आणि मूल काय करतं ते टिपून घेतलं. काही मुलं रडली, आई आल्यावर गप्प झाली आणि खेळायला गेली. काही रडली ती रडतच राहिली, आईला चिकटूनही. आणि काहींनी आई गेली तरी मान वर केली नाही, आली तरी नाही. ती आपली ठोकळ्यावर ठोकळा ठेवत राहिली. ही शेवटची सगळ्यांना फार गुणी वाटली. मग कोणीतरी त्यांची छाती तपासली, तर ती रडणाऱ्यांइतकीच धडधडत होती. यावरून निष्कर्ष असा, की परत येईल याची खात्री असलेलं एक माणूस मागे असलं म्हणजे मूल लांबवर जाऊ शकतं. ती खात्री कुठे तुटली असेल, तर मोठेपणी बसलेला धक्का नेमका त्याच जागी जाऊन बसतो. आणि खात्री पुन्हा शिकता येते, पण गोड बोलण्याने नव्हे, तर कोणीतरी सांगितलेल्या वेळी सांगितलेल्या जागी पुन्हा पुन्हा हजर राहण्याने.

“एवढ्यासाठी परीक्षा द्यावी लागते?” आत्याने विचारलं होतं.

आत्या म्हणजे बाईंच्या वडिलांची सख्खी बहीण. वय त्र्याहत्तर. टेलिफोन एक्सचेंजमध्ये तेहतीस वर्षं ऑपरेटर होती, आता केंद्राच्या बाहेरच्या अर्ध्या खोलीत बसून वेळा लिहिते. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं, असं तिचं म्हणणं. भिंतींनाही ते बरंच असणार. जगातला कुठलाही प्रश्न दोन माणसांची लाइन जोडून दिली की सुटतो, यावर तिची श्रद्धा आहे. घरात कोणाला शिंक आली तरी ती विचारते, “लावू का फोन?” कोणाला, ते नंतर ठरतं.

शिकत असताना बाईंनी घरातल्या प्रत्येकाचा प्रकार ठरवून टाकला होता. जाऊ चिकटणाऱ्यांपैकी, दीर गोंधळलेल्यांपैकी, आणि नवरा उघडउघड मान वर न करणाऱ्यांपैकी. एका रविवारी दुपारी त्यांनी त्याला ते समजावून सांगितलं. तुम्ही जवळीक टाळता, भावना दाबता, वगैरे. नवरा डोळे न उघडता म्हणाला, “मी झोपलोय गं फक्त.” त्यानंतर बाईंनी घरच्यांना मोकळं सोडलं.

लिफ्टवाला मात्र खरोखरीचा मान वर न करणारा होता, पुस्तकातून कापून काढल्यासारखा. वय चव्वेचाळीस, हात फावड्यासारखे, आणि बोलणं तारेच्या भाषेत. तो चार वर्षांचा असताना आईने त्याला तिच्या भावाकडे ठेवलं. “आलेच हं,” म्हणाली, आणि तीन वर्षांनी आली. दरम्यान मामाने त्याला मावशीकडे दिलं होतं, मावशीने वसतिगृहात. त्यातून तो एक गोष्ट पक्की शिकला, की समोरचा उठायच्या आत आपण उठावं. त्याने सात नोकऱ्या सोडल्या, दोन ठरलेली लग्नं मोडली, आणि भाड्याच्या खोलीत कधी पडदे लावले नाहीत. अपवाद एकच. लिफ्टच्या कामावरचा जोडीदार. लिफ्टच्या दुरुस्तीला दोघं लागतात: एक वर यंत्राच्या खोलीत बटणापाशी, दुसरा लिफ्टच्या टपावर किंवा खाली खड्ड्यात. खालच्याचा जीव वरच्याच्या बोटावर असतो. हे दोघं अकरा वर्षं एकमेकांच्या बोटावर जगले आणि याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

आठ महिन्यांपूर्वी जोडीदार लिफ्टच्या टपावरून चार मजले खाली गेला. चौकशीत एक झिजलेला आधार सापडला आणि लिफ्टवाल्यावर काडीचाही दोष आला नाही. पण त्याने बंद खोलीत जाणं सोडलं, लोखंडावर लोखंड आपटलं की त्याचे हात गार पडू लागले, आणि झोप बसल्या बसल्या लागली तरच लागायची. कंपनीने त्याला तक्रारीचे फोन घ्यायला बसवलं. कंपनीच्या डॉक्टरने चिठ्ठी देऊन बाईंकडे पाठवलं. पहिल्या दिवशी त्याने जिना चढताना आत्याला विचारलं, की इथे लिफ्ट नाही ना? नाही म्हटल्यावर त्याने ही जागा पसंत केली.

चौदा बुधवार तो लिफ्टबद्दल बोलला. दोर किती पदरी असतो, दार का अडकतं, जाड माणसं वजनाची पाटी वाचून कशी पोट आत घेतात. बाईंनी चौदा बुधवार ऐकलं. आता त्या स्वतः एखादी लहानशी लिफ्ट उघडून बसवू शकतील. पंधराव्या बुधवारी, चार वाजून बत्तीस मिनिटांनी, समोरचं दातांचं यंत्र थांबलं आणि लिफ्टवाला म्हणाला, “मी पाना आणायला खाली गाडीपाशी गेलो होतो. जाताना त्याला म्हणालो, आलोच.”

मग तो खूप वेळ रडला, डबा खिडकीत असल्यामुळे बाहीला डोळे पुसत. चार पन्नासला बाईंनी थांबवलं. स्वतःच्या जिवाचं काही बरंवाईट करायचे विचार येतात का, हे त्यांनी सरळ विचारलं. सरळ उत्तर मिळालं, नाही. काम नियमाप्रमाणे झालं होतं. तो गेला.

आणि संध्याकाळी सात वाजता, आवराआवर करताना, बाईंना चैन पडेना. त्या खुर्चीकडे बघत उभ्या राहिल्या. आत्याने ते हेरलं.

“लावू का फोन?”

जिवाला धोका नसेल तर आपण होऊन फोन करायचा नाही, हाही बाईंचाच नियम. तो कागदावर छापून बाहेर चिकटवलेला आहे, आत्याच्या डोक्याच्या बरोबर वर. बाई म्हणाल्या, “लाव.”

बोलणं पाऊण मिनिटही चाललं नाही.

“सहज केला. बरे आहात ना?”

“हो हो.”

“मनात येत होतं म्हणून—”

“हो हो. एकदम. हो.”

पुढच्या बुधवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाई दर सोमवारी स्वतःचं काम तपासून घ्यायला मोठ्या मॅडमकडे जातात. मोठ्या मॅडम एकोणऐंशी वर्षांच्या, निवृत्त, कानाला यंत्र. समोरचा बहाणे सांगू लागला की त्या यंत्र काढून टेबलावर ठेवतात आणि नुसते ओठ वाचतात. बाई माया, विश्वास, नातं असं काही सांगायला लागल्या तसं यंत्र टेबलावर आलं.

“चौदा आठवडे अंतर ठेवलंस,” मोठ्या मॅडम म्हणाल्या, “आणि तो एक पाऊल पुढे आला तर तू धावत सुटलीस. कशासाठी?”

“त्याला आधार वाटावा म्हणून.”

यंत्र टेबलावरच राहिलं.

“मला भीती वाटत होती म्हणून,” बाई म्हणाल्या.

मोठ्या मॅडमनी यंत्र कानात घातलं. “आता बोललीस. तू त्याला तुझ्या धीरासाठी फोन केलास. अशा माणसाला जवळ येणारं माणूस म्हणजे लवकरच निघून जाणारं माणूस. तो आधीच उठला, बस.”

“मग आता काय करू? पत्र पाठवू?”

“आधी फोन, आता पत्र. पुढच्या आठवड्यात बँड घेऊन जा.”

“मॅडम.”

“बुधवारी चारला काय करतेस तू?”

“भेट असते.”

“मग कर की. बस खुर्चीत.”

म्हणून बाई आजही बसल्या. पहिल्या दोन बुधवारी तर कोणी न सांगताच बसल्या होत्या, पूर्ण पन्नास मिनिटं, फोन नाही, फाइल नाही, पुस्तक नाही. वेळ त्याची आहे तर त्या वेळेत दुसरं काही करायचं नाही, एवढाच त्यामागचा विचार. हे दिसायला उदात्त असलं तरी बसायला भयंकर असतं. पहिल्या दहा मिनिटांत पाठ दुखते. विसाव्या मिनिटाला घरातल्या गॅसची आठवण येते. मागच्या बुधवारी बाईंनी छताच्या पंख्याच्या पात्यांवरचे डाग मोजले होते आणि नंतर स्वतःचाच राग येऊन शिडी मागवून ती पुसली होती.

आज चार वाजले, चार पाच झाले. डॉक्टरचं यंत्र सुरू झालं, बंद पडलं. चार वाजून वीस मिनिटांनी वीतभर दारातून आत्याचा चष्मा दिसला.

“अगं, लावू का?”

“आत्या, नको.”

“तू नको लावूस. मीच लावते. राँग नंबर म्हणून. आवाज ऐकते आणि ठेवते.”

“आत्या!”

“तेहतीस वर्षं केलंय मी हे, कोणाला पत्ता लागला नाही.”

“तेहतीस वर्षं तू लोकांना राँग नंबर लावत होतीस?”

“काळजी वाटली तरच.” चष्मा गेला, पुन्हा आला. “त्या शिक्षिकेने सकाळपासून दोनदा फोन केलाय. बिचारीची पाच महिन्यांची वाट आणि तू इथे रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलीस. काय सांगू तिला?”

हे बरोबर होतं, म्हणूनच बाईंच्या नाकाला झोंबलं. खुर्ची खरोखर रिकामी होती आणि बाहेर एक माणूस खरोखर ताटकळत होतं. दावे तपासणाऱ्या साहेबांनी असली फाइल दोन मिनिटांत बंद केली असती, आणि त्यांचं फारसं चुकलं नसतं.

“उद्या दहा वाजता कळवते म्हणावं. आज चार पन्नासपर्यंत वेळ त्याची आहे.”

“तो कुठे आहे पण?”

“माहीत नाही.”

“बाईसाहेबांना काही माहीत नाही आणि फी मात्र शिकायला केवढी भरली होती,” असं पुटपुटत आत्या गेली. बाहेर ती नंबर फिरवत नाही ना, याचा बाईंनी मिनिटभर कानोसा घेतला. मग तोही सोडला. चार पस्तीसला त्यांना वाटलं, की झालं. चार अडतीसला त्या शिक्षिकेची फाइल कुठल्या कप्प्यात आहे ते आठवू लागल्या. आठवण्यावर बंदी नव्हती.

चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी जिन्यावर जड बूट वाजले. एकेका पायरीवर थांबत. बाहेर आत्या म्हणाली, “जा, जा, आत जा,” अशा घाईने, की तो परत फिरला असता तर तिच्यामुळेच. दार वीतभराचं हातभर झालं.

लिफ्टवाला खुर्चीत बसला नाही. तो दाराच्या चौकटीत एक खांदा आत, एक बाहेर ठेवून उभा राहिला.

“नऊ मिनिटं आहेत,” बाई म्हणाल्या.

“मला वाटलं, दिली असेल वेळ कोणाला.”

“चार पन्नासपर्यंत तुमचीच आहे.”

“मागच्या बुधवारी?”

“तेव्हाही होती. मी इथेच होते.”

“काय करत होतात?”

“बसले होते.”

“त्याच्या आधीच्या?”

“बसले होते.”

“पुस्तक वगैरे?”

“नाही.”

“वेड लागेल माणसाला.”

“थोडं लागलंच. पंखा पुसला.”

त्याने वर पंख्याकडे पाहिलं, पुसल्याची खात्री करून घेतली आणि मग तो खुर्चीत बसला. खुर्ची त्याने आणखी मागे नेली. बाईंनी ती नेऊ दिली. मग बोलल्या.

“त्या संध्याकाळी मी फोन केला, ते चुकलं. तुम्हाला गरज होती म्हणून नव्हता केला. मला चैन पडत नव्हतं म्हणून केला. माझं ओझं तुमच्यावर टाकलं.”

 आठ महिन्यांत लिफ्टवाल्याशी पुष्कळ जण पुष्कळ काही बोलले होते. माझं चुकलं, हे कोणी म्हटलेलं नव्हतं. चौकशी समितीनेही त्या झिजलेल्या आधारावर ढकललं होतं.

“फोन बघितला आणि मी बूटच घालायला लागलो,” तो म्हणाला. “माणूस चौकशी करायला लागला ना, की जातो.”

“हं.”

“मागच्या बुधवारी मी खाली होतो.”

“कुठे?”

“रंगाच्या दुकानात. पावणेचारपासून. त्याला वाटलं घर रंगवायचं आहे, चाळीस पिवळे दाखवले त्याने मला. दुकानाबाहेर उभं राहिलं की तुमच्या खिडकीत डोकं दिसतं. चार पन्नासला ते उठलं. आधी नाही. त्याच्या आधीच्या बुधवारी बसथांब्यावर होतो. तेव्हाही चार पन्नास.”

बाईंच्या ओठांवर तीन वेगवेगळी वाक्यं आली, तिन्ही पाठ्यपुस्तकातली. त्यांनी तिन्ही गिळली.

“आमच्यात लिफ्ट दुरुस्त झाली की लगेच माणूस बसवत नाहीत,” तो म्हणाला. “आधी रिकामी चालवतात. दोनदा. मग वजनं ठेवून. मग माणूस.”

“मग? पास झाले का?”

“आवाज करते जरा,” लिफ्टवाला म्हणाला, आणि सोळा भेटींत पहिल्यांदा हसला, तेही खोकल्यासारखं. “पण थांबते जिथे थांबायला पाहिजे तिथे.”

घड्याळात चार शेहेचाळीस. त्याने ते पाहिलं आणि बोलण्याचा वेग वाढवला, म्हणजे त्याच्या मानाने. कंपनीने सांगितलं होतं, की पुन्हा जोडीदार घेऊन लिफ्टवर जा, नाहीतर सोड. आज सहाच्या आत कळवायचं होतं. उद्या सकाळी सरकारी रुग्णालयातली दोन नंबरची लिफ्ट. जोडीदार म्हणून नवीन पोरगी देत होते, डिप्लोमा झालेली, बावीस वर्षांची.

“अखंड बडबडते. सगळे रेडिओ म्हणतात तिला. मी म्हटलं, मी एकटा करतो. तर म्हणाले, एकट्याची सही चालत नाही, कागदावर दोन लागतात.” त्याचे हात गुडघ्यांवर उघडे पडले होते. “ती खाली खड्ड्यात उतरणार आणि मी वर. तुम्ही सांगा. जाऊ का?”

“मी नाही सांगणार.”

“सांगा ना. बाकी सगळे सांगतात.”

“म्हणूनच.”

त्याला राग आला, आणि तो उठला नाही. बाईंनी ते मनात टिपलं. चार अठ्ठेचाळीस.

“खाली असली आणि मला कुठे जावं लागलं,” तो सावकाश म्हणाला, “तर काय म्हणू मी तिला? आलोच, हे माझ्या तोंडून निघणार नाही. आयुष्यात निघणार नाही.”

“मग काय म्हणाल?”

डॉक्टरकडे कोणीतरी ओरडलं. लिफ्टवाल्याने तिकडे लक्ष दिलं नाही, हे विशेष. तो विचार करत होता, अगदी जुनं यंत्र उघडून बघतो तसा.

“आधी तिला वर घेईन,” तो म्हणाला. “मग जाईन. खाली कोणाला ठेवून जायचंच नाही. तिला आवडो न आवडो. बडबडू दे काय ते वर येऊन.”

“इथे थांबू,” बाई म्हणाल्या.

“अजून दोन मिनिटं द्या. आजच्या दिवस. मी उशिरा आलो.”

ही विनवणी खरी होती. बाईंना दोन मिनिटं द्यायची इच्छा होती. दोन काय, सहापर्यंत बसायची होती. त्या उठल्या. “पुढच्या बुधवारी चार वाजता.”

“कडक आहात.”

“आहे.”

तो चौकटीपाशी घुटमळला, शिंप्याच्या गेलेल्या आरशात बघून केस सारखे केले आणि जिना उतरू लागला. मधल्या वळणावर बूट थांबले. पहिल्या मजल्यावरच्या भिंती पातळ आहेत, आणि दार हातभर उघडं होतं, त्यामुळे बाईंनी ऐकलं असं म्हणता येणार नाही; ते त्यांच्या कानावर पडलं.

“हां, मी बोलतोय. उद्या रुग्णालय, हो. साडेसात. दोघं. हो, तिलाच... नाही, माझ्याशी नका बोलायला लावू तिला आत्ता, उद्या बोलेलच की दिवसभर. ठेवतो.”

बूट खाली गेले. रंगवाल्याने हाक मारली, “साहेब, मग पिवळा कुठला नक्की?” उत्तर ऐकू आलं नाही.

आत्या तोवर आत आली होती. “काय म्हणाला गं? इतके दिवस कुठे होता? रडला? मी डबा आणत होते, पण—”

“आत्या, मला सांगता येत नाही. ठाऊक आहे तुला.”

“मला? मी घरची आहे.”

“म्हणून तर अजिबातच नाही.”

आत्या फुरंगटली. तिच्या वहीत बुधवारच्या चारच्या रकान्यात तिने ‘आले’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली, जरा जोरातच. शिक्षिकेला काय सांगायचं, असं विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, की बँकेतली मुलगी पुढच्या महिन्यात तिच्या भेटी संपवते आहे, तिची गुरुवारची सकाळी नऊची वेळ देता येईल. अजून तीन आठवडे. शिक्षिका चिडणार होती. तिचं चिडणं रास्त होतं आणि ते ऐकून घेणं हे बाईंचं काम होतं, आत्याचं नव्हे.

बाईंनी खुर्ची चार बोटं पुढे आणली. पाच वाजता येणारं जोडपं कोणाला कुठे बसायचं यावरच भांडतं, त्यामुळे त्यांच्यासाठी खुर्च्या तोलूनमापून ठेवाव्या लागतात. तिसरी खुर्ची बाहेरून आणताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की उद्या दहा वाजता लिफ्टवाला दोन सह्यांचा कागद घेऊन बाहेर आलेला असेल किंवा नसेल, आणि एक फोन केला तर ते एका मिनिटात कळेल. आत्या दारातून बघत होती. तिने तोंड उघडलं.

“नको,” बाई म्हणाल्या.

“मी कुठे काय म्हटलं?”

रुग्णालयाची दोन नंबरची लिफ्ट उद्या गुरुवारी सकाळी साडेसात ते दहा दुरुस्तीसाठी बंद आहे. बाईंची पहिली भेट नऊ वाजता आहे, बँकेतल्या मुलीची.